ऑफ सीझनला रेझिस्टन्स बँड घेताय? आधी राहणार कुठे ते बघा

टीमचं ट्रेनिंग सुट्टीसाठी बंद झालं तेव्हा हा ताणून व्यायाम करायच्या पाच रबरी बँडचा सेट घेतला, सोबत हँडल, घोट्याला बांधायचे पट्टे आणि दारात अडकवायचा अँकर येतो. सेट चांगलाय, घ्या. पण त्याचा उपयोग किती होणार हे सुट्टीत तुम्ही कुठे आणि कोणाबरोबर राहताय यावरच ठरतं, आणि हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं नसतं म्हणून लिहितोय.

सुरुवातीला मी वरच्या मजल्यावर शेअरिंग रूममध्ये होतो, खाली लोक राहतात त्यामुळे उड्या, वजनं वगैरे विषयच नाही, तिथे बँड म्हणजे खरंच मोठा आधार, आवाज नाही, जागा दोन पावलांची पुरते, रूममेट झोपलेला असला तरी खांदे, पाठ, हिप सगळं करून होतं. अँकर लावताना एक बघा, दार आपल्याकडे उघडत असेल तर त्या बाजूने ओढायचं नाही, पलीकडून ओढायचं म्हणजे दार आणखी घट्ट बसतं, नाहीतर थेट तोंडावर येईल.

ताकद तशी लवकर जात नाही, 3-4 आठवडे बऱ्यापैकी टिकते आणि आठवड्यातून एकदा जरी जोर लावून काम केलं तरी बरेच दिवस सांभाळता येते. खरा प्रॉब्लेम दमाचा. पूर्ण आराम केला तर पहिल्या 2-3 आठवड्यांतच व्हीओटू मॅक्स (जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) 7 टक्क्यांच्या आसपास खाली येतो, कारण शरीरातलं रक्ताचं प्रमाणच कमी होतं, आणि तिथे बँड काहीही करू शकत नाही. त्यासाठी पळायला जागा पाहिजे, घराजवळ मैदान किंवा चढाचा रस्ता पाहिजे. बरं, रोज पळायची गरज नाही, आठवड्याचे 6 दिवस 2 वर आणले तरी दम टिकतो हे अभ्यासात दिसलंय, फक्त त्या 2 दिवसांत जोर कमी करायचा नाही.

नंतर एका टीममेटसोबत राहायला गेलो आणि तोच सेट दुप्पट कामाला आला. हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी, नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून अंग सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकायचं) करायला घोटे धरून बसणारं कोणीतरी लागतं, आणि या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, एकटं राहणाऱ्याकडून नेमका हाच सुटतो. शिवाय सोबत कोणी असलं की उद्या करू होत नाही.

हे सगळं एवढं का सांगतोय तर 2011 मध्ये अमेरिकेत एनएफएलचा (तिथल्या अमेरिकन फुटबॉल लीगचा) लॉकआउट झाला, मार्चपासून जुलैपर्यंत खेळाडूंना टीमच्या जिममध्ये जायला बंदी, ट्रेनरशीही संपर्क नाही, ज्याने त्याने आपापलं बघायचं. परत आल्यावर पहिल्या 29 दिवसांत 12 जणांचं अकिलिस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर) गेलं! अचानक पूर्ण जोरात उतरणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं गेलं.

आता वस्तूबद्दल. जाड बँड दमदार आहेत, सगळ्यात पातळ मात्र थोड्याच दिवसांत सैल पडला. अँकरची शिलाई उसवायला लागलीये, ते मला अजिबात पटलं नाही, कारण सगळा ताण तिथेच येतो, दर वेळी तपासूनच ओढा. लॅटेक्स आहे, उन्हात ठेवू नका, तडे जातात.

पाचपैकी चार. एकटे राहणार असाल तर पाय अडकवायला जड पलंग किंवा पक्का बार आहे का ते आधी बघा, आणि घोटे धरणारा पार्टनर मिळत असेल तर सुट्टी त्याच्याबरोबरच काढा.