पॉवरप्रो चार पदरी ब्रेड: येलदरीच्या पाण्यात पुन्हा एकदा

मधे काही काळ मी आठ पदरी ब्रेड, म्हणजे आठ धागे विणून केलेली गळाची दोरी, वापरत होतो. आता रिळावर पुन्हा पॉवरप्रो आहे. तीच जुनी चार पदरी, 30 पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी), शेवाळी हिरवी. आपल्या भागात ल्यूरवर (नकली आमिषावर) मरळ धरायची असेल तर मी हीच घ्या म्हणेन.

आठ पदरी वाईट नाही. बोटाला मऊ लागते, काठीवरच्या कड्यांतून (गाइड) आवाज न करता जाते, हलका ल्यूरही लांब पडतो. मोकळ्या पाण्यात तिचं काम सुरेखच. पण येलदरी धरणाला मरळ मोकळ्या पाण्यात बसते कुठं? पाणी उतरलं की काठाला बाभळीची खोडं उघडी पडतात, खाली काळ्या खडकाच्या धारा असतात आणि उथळ्यात बेशरमाची झुडपं. मरळ बसणार ती नेमकी त्याच अडचणीत.

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. तार, पीळ आणि ताण रोज हाताखालून जातात, म्हणून दोरी बघताना आधी विणीकडे लक्ष जातं. एकाच जाडीची दोरी आठ पदरांत विणली की प्रत्येक पदर बारीक होतो, आणि खडकावर घासली की बारीक पदर आधी उसवतो. चार पदरांत तोच पदर जाड असतो, वरून थोडा पिंजला तरी तग धरतो. शिवाय चार पदरीचं अंग खरबरीत. मासा जलपर्णीत घुसला आणि दोरी ताणून धरली की ती देठांतून करवतीसारखी चालते. मऊ दोरीवर मात्र गवताचा भारा माशासकट ओढत आणावा लागतो.

पॉवरप्रो हनीवेल कंपनीच्या स्पेक्ट्रा धाग्याची आहे, म्हणजे पॉलिइथिलीनच, पण फार ताकदीचं. 30 पौंडी दोरीची जाडी 0.28 मिलिमीटर, साधारण 8 पौंडी तंगूसाएवढी (साध्या नायलॉनच्या दोरीएवढी). हा धागा पाण्यापेक्षा हलका, त्यामुळं दोरी तरंगते आणि रबरी बेडकाच्या ल्यूरचं नाक खाली ओढत नाही. तंगूस ताणलं की लांबतं. ही जवळजवळ लांबतच नाही.

मरळीला याचाच उपयोग. तिला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. बुडबुडा उठला की त्याच्या पुढं बेडूक टाकायचा आणि गवतावरून थांबत थांबत आणायचा. पाणी फुटलं तरी लगेच झटका द्यायचा नाही. बेडूक तोंडात जाऊ द्यायचा, दोरीला वजन लागलं की मग जोरात. जबडा हाडाचा असतो, लांबणाऱ्या दोरीनं बेडकाचा दुहेरी गळ त्यात रुतत नाही. काठावरचे एक भोई मामा दोरी बोटात धरून म्हणाले, "एवढं बारीक सूत, अन् जाळ्याच्या दोरीवानी वढतंय की!" मला त्या शब्दांचं मोल डब्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त वाटतं.

रिळावर भरताना मात्र घाई नको. रिळाच्या गुळगुळीत स्पूलवर ब्रेड सगळीच्या सगळी फिरते, म्हणून खाली तंगूसाचे थोडे वेढे घ्या. मग ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणात भरा. सैल भरलेली दोरी पुढं आपल्याच वेढ्यांत रुतते, आणि फेकताना गाठ बसते ती अशीच.

रंग उडतो. हा धागा रंग नीट पकडतच नाही, त्यामुळं कुठलीही ब्रेड उन्हापाण्यात फिकी पडते; ताकदीशी त्याचा संबंध नाही. पिंजलेला पुढचा हातभर तुकडा कापून टाका. सगळीच पुढची बाजू झिजली तर दोरी उलटी भरा, आतली बाजू नवीच असते. बेडकाला मी सरळ पालोमर गाठ मारतो, लीडर, म्हणजे पुढं जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा, लावत नाही. हिवाळ्यात पाणी निवळल्यावर स्पूनला (चमच्यासारख्या धातूच्या ल्यूरला) मात्र फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात कमी दिसणाऱ्या दोरीचा, लीडर लागतो; तो ब्रेडला एफजी गाठीनं जोडतो. गाठ ओली करूनच आवळा.

अडकलेली दोरी हाताला गुंडाळून कधीच ओढू नका, मांसात घुसते. काठीला वेढे घेऊन ओढा. तुकडे खिशात घालून घरी आणा, कारण हा धागा कुजत नाही आणि बगळ्याच्या पायात अडकला तर पक्षी जातो. पावसाळ्यात तांबड्या पिलांचा थवा वर दिसला तर तिथं बेडूक टाकू नका, राखणीला खाली आईबाप असतात. आणि ज्या मच्छीमार सोसायटीकडं ठेका असेल तिची परवानगी आधी घ्या.

फक्त चिलापीसाठी बारीक स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्यूर) फेकणार असाल तर 10 पौंडी पुरे. मोठ्या शिवडा माशाच्या मागं खडकात जायचं असेल तर 50 पौंडी घ्या. बाकी सगळ्याला 30 पौंडी.