राइड द हाय कंट्री (१९६२): डिस्क काही महिने वापरल्यावर

दिग्दर्शक सॅम पेकिनपाच्या या वेस्टर्नची कथा इथे पुन्हा सांगत नाही. आधी एक तक्रार, आणि ती टीव्हीबद्दल आहे: झूम बंद करा. चित्र सिनेमास्कोपचं, म्हणजे खूप रुंद, २.३५:१. पडदा भरावा म्हणून ते १६:९ मध्ये मोठं केलं की रुंदीतला जवळपास पाव भाग कापला जातो. पिक्चर साइझ मूळ आकारावर ठेवा, ओव्हरस्कॅनही (टीव्ही चित्राच्या कडा कापतो ती सोय) बंद करा. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात.

एवढा आग्रह अशासाठी की या सिनेमात जबाबदारी भाषणांतून कमी आणि बारीक हालचालींतून जास्त कळते. माजी मार्शल (कायदा राखणारा अधिकारी) स्टीव्ह जड सोनं राखून आणायचं काम घ्यायला बँकेत येतो तेव्हा शर्टाचे विरलेले कफ आत सरकवतो. करार वाचायला आत जाऊन दार लावून घेतो, कारण चष्मा लागतो हे बँकवाल्यांना दिसायला नको. जोएल मॅक्रे हे सगळं इतकं सहज करतो की चित्र कापलं गेलं तर नजरेतून निसटतं.

आता त्याच्याकडे बिल्ला नाही, मागे सरकार नाही. आहे ती फक्त सही. खाणीतून अडीच लाख डॉलरचं सोनं आणायचंय अशा समजुतीने तो येतो, बँक २० हजार सांगते, आणि खाणकामगारांच्या छावणीत प्रत्यक्ष जमतं ११ हजारांच्या आसपास. रक्कम घटत जाते, पण तो राखणीत तसूभर ढिलाई करत नाही. जुना सोबती गिल वेस्ट्रम तेच सोनं पळवायला निघतो, तेव्हा जड त्याचे हात बांधून घेऊन जातो. मैत्रीखातर सूट नाही.

पहिल्यांदा बघताना सगळे गुण जडलाच दिले जातात. पुन्हा पुन्हा बघितल्यावर माझं मत सरकलं. हॅमंड भावांपैकी एकाशी लग्न लागलेल्या एल्साला खाणकामगारांचं न्यायालय त्या भावांच्या हवाली करेल हे दिसत असूनही जड तो निकाल मानायला तयार असतो. तिला सोडवतो तो गिल, तेही न्यायाधीशाचा लग्न लावायचा परवाना पिस्तुलाच्या धाकाने काढून घेऊन. कायदा मोडणाऱ्याने इथे माणुसकी राखली, आणि पेकिनपा ही अडचण मिटवत नाही. म्हणूनच शेवटी गिल सोनं पोचवायचा शब्द देतो आणि जड म्हणतो की ते मला ठाऊकच होतं, तेव्हा त्या विश्वासाला खरं वजन येतं. गिल झालेल्या रँडॉल्फ स्कॉटचा हा शेवटचा सिनेमा, आणि माझ्या मते त्याचं सर्वांत उत्तम काम.

गिलचा तरुण साथीदार हेक आणि एल्सा यांचं प्रेमप्रकरण मात्र रेंगाळतं. तिथे कात्री चालली असती.

एकदाच बघायचा असेल तर भाड्याने घ्या, पैसे वाचतील. पण गिलची बाजू दुसऱ्या खेपेलाच नीट कळते, तेव्हा विकत घेतलेली डिस्क शेवटी स्वस्त पडते.