बी.एड. विशेष शिक्षण (बौद्धिक अक्षमता): पदवीनंतर वर्गात उतरल्यावरचा अनुभव

शिकवण्याच्या साधनांच्या लॅमिनेशनच्या खर्चापासून सुरुवात करते, कारण फी भरताना त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ठाण्यात राहून दोन वर्षांचा हा कोर्स केला. कॉलेजचं नाव देत नाही, इतर कॉलेजांतल्या मैत्रिणींचंही रडगाणं हेच आहे. आता काही महिने ऐरोलीच्या एका विशेष शाळेत वर्ग सांभाळतेय. सीआरआर नंबर (पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक), आयईपी (प्रत्येक मुलासाठीची वेगळी शिक्षण योजना), इंटर्नशिप यांत न शिरता थेट मुद्द्यावर येते. परवा एका ज्युनियरचा रडवेला फोन आला. "ताई, लेसन छान झाला, मुलं बोलली, आणि वहीत शेरा काय, तर साधन जुनेच." माझ्याही वहीत हाच शेरा आहे.

कॉलेजचा आग्रह असा, की प्रत्येक लेसनला, म्हणजे सराव पाठाला, शिकवण्याचं नवं साधन हवं. कार्डशीट, फोम, वेल्क्रो, रंगीत प्रिंट आणि वर लॅमिनेशन. जांभळी नाक्यावरून घाऊक सामान आणलं तरी महिन्याचं गणित कोलमडायचं. घरात एकच पगार, त्यामुळे हा खर्च मला बोचलाच. पण जास्त राग वेगळ्या गोष्टीचा आहे. याच कोर्सच्या पेपरात आम्ही लिहितो की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तीच वस्तू आणि तीच कृती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि मग ते कौशल्य वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाबरोबर करून घ्यावं लागतं. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळतात, वर्गात केलं की शेरा मिळतो.

नाण्यांचंच बघा. बाजारात मिळणाऱ्या तयार तक्त्यांवर अजून पंचवीस पैसे असतात, जे 2011 सालीच चलनातून गेले. म्हणून मी स्वतः रंगीत प्रिंट काढून चकचकीत कार्डं केली. वर्गातला एक मुलगा ते कार्ड हातात घेऊन तिरकं करायचा. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर सरकतो, तो बघत बसायचा, आणि कोपरा सुटला की चावायचा. दहाचं कार्ड अचूक उचलायला शिकला, पण खरं नाणं पुढे ठेवलं तर त्याला ओळख नाही! शेवटी पाकिटातली नाणी काढली. दहाच्या नाण्याची कड पिवळी, मधला भाग पांढरा, त्या कडेवरून त्याचं बोट फिरवून घेतलं. मग एकाचं नाणं शेजारी ठेवून दोन्हीतून उचलायला लावलं. रोज तीच नाणी, तीच वाटी. आता शाळेबाहेरच्या टपरीवर बिस्किटचा पुडा घेताना दहाचं नाणं तोच काढून देतो. लॅमिनेशनचा खर्च शून्य.

इथपर्यंत वाचून वाटेल की कोर्स वाया गेला. तसं अजिबात नाही, आणि एका बाबतीत तर माझं मत साफ बदललंय. एफएसीपीची, म्हणजे मुलाला रोजची कौशल्यं किती जमतात ते तपासायची, चेकलिस्ट मला पहिल्या वर्षी निव्वळ कागदी घोडे नाचवणं वाटायची. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली आहे. प्रत्येक कौशल्य मूल स्वतः करतं, सांगितल्यावर करतं की हात धरून करतं, हे नोंदवायचं, आणि साधारण 80 टक्के जमलं की पुढच्या गटात न्यायचं. नोकरीत मला मिळालेल्या जुन्या फाइलींत 'प्रगती समाधानकारक' एवढंच होतं. त्यावरून सोमवारी काय शिकवायचं ते कळेना. चेकलिस्ट भरली आणि प्रत्येकाचं पुढचं पाऊल दिसलं.

टास्क अ‍ॅनालिसिसचंही, म्हणजे एका कामाचे छोटे तुकडे पाडून शिकवण्याचंही, तसंच. टी-शर्ट घालण्याचे तुकडे पाडायचे, आधीचं सगळं आपण करायचं आणि फक्त शेवटचं, पोटावरून खाली ओढणं, मुलावर सोडायचं. ते जमलं की एक तुकडा मागे यायचं. एका मुलीच्या आईने घरी हेच धरून ठेवलं. आता ती हात स्वतः बाहेर काढते आणि डोकं आत घालताना तेवढी मदत मागते. हे कॉलेजनेच शिकवलं, आणि उत्तम शिकवलं.

इंटर्नशिपचा सर्वसाधारण शाळेतला भाग टाळू नका, हजेरीपुरता करू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या अक्षमता आहेत आणि त्यातली बरीच मुलं साध्या शाळेतच बसतात. 2022 मध्ये केंद्राने प्राथमिकला अशा 10 मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. त्यामुळे पुढची कामं तिकडेही आहेत.

प्रवेश घेताय? मग आधी या कोर्सना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या साइटवर कॉलेजची मान्यता नेमक्या तुमच्याच अक्षमतेच्या कोर्सला आहे का आणि कुठल्या वर्षापर्यंत आहे ते पाहा. परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना करायच्या पुढच्या प्रशिक्षणांचे, गुण लागतात, तो खर्चही धरून चाला. आणि तिथल्या सीनियरना विचारा, वाटी, चमचा, नाणी घेऊन केलेला लेसन चालतो का. नाही म्हणाले तर लॅमिनेशनचे पैसे फीमध्येच मिळवून हिशेब करा. ज्युनियर मैत्रिणींनो, माझी जुनी कार्डं कपाटात पडून आहेत. ठाण्यात येऊन घेऊन जा, वेल्क्रोसकट.