१५० एएच ट्युब्युलर बॅटरी: तिसरा सेल, पाण्याचे फ्लोट आणि जुन्या बॅटरीचे वजन

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर अकोल्यातील आमच्या घरी इन्व्हर्टरसाठी घेतलेली १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे क्षमतेचे माप) उंच ट्युब्युलर बॅटरी (नळीच्या आकाराच्या धन पट्ट्यांची शिसे-आम्ल बॅटरी) अलीकडेच हमीतून बदलून मिळाली. बदलून मिळण्यापूर्वी विक्रेत्याशी आणि कंपनीच्या सेवा केंद्राशी बराच वाद झाला. त्या वादातून जे समजले ते बॅटरीच्या बॅकअपपेक्षा महत्त्वाचे वाटल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे मांडलेला मुख्य आक्षेप या संपूर्ण व्यापाराच्या रीतीवर आहे.

बॅकअपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तीन पंखे, चार दिवे आणि वायफाय एवढ्या भारावर बॅटरीने पहिला उन्हाळा व्यवस्थित काढला. एवढेच लक्षात ठेवावे की १५० एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी होणाऱ्या बॅटरीचा, म्हणजे सुमारे साडेसात अँपिअरच्या प्रवाहाचा असतो. घरचा भार त्याच्या तिप्पट-चौपट प्रवाह ओढतो, तेव्हा हाती येणारी क्षमता त्यापेक्षा कमीच भरते. हा दोष कोणत्याही एका कंपनीचा नाही.

खरी अडचण पाण्याच्या फ्लोटपासून सुरू झाली. बॅटरीतील सहा सेलांच्या, म्हणजे स्वतंत्र कप्प्यांच्या, सहा झाकणांवर पातळी दाखवणारे फ्लोट असतात आणि बहुतेक घरांत बॅटरीची देखभाल म्हणजे हे फ्लोट खाली गेले की डिस्टिल्ड वॉटर घालणे, एवढीच समजली जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला तेव्हा सर्वच सेलांचे पाणी लवकर उतरू लागले, आणि त्यात मला काही वावगे वाटले नाही. ट्युब्युलर बॅटरीच्या धन पट्टीचा कणा शिसे आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा असतो. अँटिमनीमुळे कण्याला बळकटी येते आणि वारंवार खोलवर रिकामे होणे पट्टी सहन करते. मात्र हेच अँटिमनी हळूहळू ऋण पट्टीवर जाऊन बसते आणि चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन वाढवते. उष्णतेने ते आणखी वाढते. मात्र पावसाळा सरून हवा थंड झाल्यावरही पाच फ्लोट उतरत राहिले आणि तिसऱ्या सेलचा फ्लोट मात्र वरच राहिला. बॅकअपही निम्म्यावर आला.

सेवा केंद्रातून आलेल्या मुलाने झाकणांवरून नजर फिरवली आणि निर्वाळा दिला, ‘‘काका, पाणी तर वरच दिसून राह्यलं ना, मंग बॅटरी चांगलीच आहे.’’ त्याच्याकडे द्रावणाची घनता मोजणारे हायड्रोमीटर नव्हते. दोन-अडीचशे रुपयांत मिळणारे ते काचेचे उपकरण मी विकत आणले, रात्रभर पूर्ण चार्ज करून सकाळी सहाही सेलांची घनता मोजली आणि आकडे वहीत लिहून ठेवले. पाच सेल १.२३५ ते १.२४० च्या दरम्यान होते, तिसरा १.१७० वर अडकला होता.

या एका आकड्यावर मी इतका भर का देतो, ते सांगणे आवश्यक आहे. बॅटरी रिकामी होताना धन पट्टीवरील लेड डायऑक्साइड आणि ऋण पट्टीवरील सच्छिद्र शिसे या दोन्हींचे लेड सल्फेट होते. त्यासाठी लागणारे गंधकाम्ल द्रावणातून घेतले जाते आणि त्याच्या जागी पाणी तयार होते. चार्जिंगमध्ये ही क्रिया उलटी होते आणि आम्ल पुन्हा द्रावणात येते. म्हणून द्रावणाची घनता म्हणजे त्या सेलमधील रासायनिक स्थितीचा थेट हिशेब असतो, तर फ्लोट केवळ द्रवाची उंची दाखवतो. आतून अंशतः शॉर्ट झालेला सेल चार्जच घेत नाही, म्हणून त्यात वायू फारसा सुटत नाही आणि त्याचे पाणी टिकून राहते. चार्जरला मात्र सहा सेलांचा एकूण विद्युतदाब (व्होल्टेज) पुरा करायचा असतो. तो जास्तीचा दाब उरलेल्या पाच सेलांवर पडतो आणि त्यांचे पाणी वेगाने उडते. ज्या फ्लोटकडे पाहून बॅटरी चांगली ठरवली गेली, तोच आजारी सेलचा फ्लोट होता. हजारो रुपयांच्या बॅटरीवर सहा फ्लोट बसवणाऱ्या कंपन्यांनी सेवा देणाऱ्या मुलांच्या हाती हायड्रोमीटर देणे बंधनकारक केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडे लेखी दिल्यावर सूर बदलला. बॅटरी केंद्रात नेऊन चार्ज केली, डिस्चार्ज टेस्टरवर तपासली, तोवर तात्पुरती बॅटरी घरी बसवून दिली आणि अखेर दोष मान्य करून नवी बॅटरी दिली. तात्पुरती बॅटरी न मागता मिळाली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. कंपनीविषयीचे माझे मत त्यामुळे पहिल्यापेक्षा बरे झाले. हमी ३६ महिने पूर्ण आणि पुढील २४ महिने प्रमाणशीर, म्हणजे नवी बॅटरी घेताना फक्त सवलत, अशी आहे. या दुसऱ्या टप्प्यातील सवलत छापील किमतीवर मोजतात आणि बाजारात बॅटरी त्या किमतीच्या बरीच खाली मिळते, त्यामुळे ती सवलत कागदावर दिसते तेवढी हाती पडत नाही. खरेदी करताना पहिल्या टप्प्याचे महिनेच पाहावेत.

आता जुन्या बॅटरीकडे येतो, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. ही बॅटरी घेताना विक्रेत्याने आमची आधीची बॅटरी ‘एक्स्चेंज’मध्ये घेतली आणि १५० एएचची म्हणून ठोक रक्कम वजा केली. वजन केले नाही, पावतीवर तिचा स्वतंत्र उल्लेख केला नाही. मेलेल्या बॅटरीला कसले वजन, असे त्याचे म्हणणे होते. पण बॅटरी मरते तेव्हा तिच्यातील शिसे कोठेही जात नाही. चार्ज न होता पडून राहिल्यास लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, पट्ट्यांवरील शिशाच्या संयुगांचा लगदा झडून तळाशी साचतो, कणा गंजतो. पदार्थाचे रूप बदलते, डबा मात्र बंदच असतो. पन्नास किलोंच्या वर भरणाऱ्या त्या डब्यातील शिसे विकत घेतले त्या दिवशी होते तेवढेच परत करतानाही असते. वजनाने विकली जाणारी वस्तू ग्राहकाकडून मात्र क्षमतेच्या आकड्यावर घेणे, हा हिशेब मला पटत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट दुकानाच्या मागे पाहिली. तेथे एक कामगार जुन्या बॅटऱ्या आडव्या करून त्यांतील आम्ल गटारात सोडत होता, कारण भंगाराचा भाव कोरड्या बॅटरीचा असतो. आमच्या बॅटरीचे आम्ल मी ओतू दिले नाही. त्या द्रावणात शिशाचे कण आणि विरघळलेले शिसे असते आणि ते नाल्यातून मातीत जाते. दुकानदाराने हे रोजचेच काम असल्याचे सांगितले, आणि रोजचे आहे म्हणूनच ते भयंकर आहे.

शिशाचे पुनर्चक्रीकरण नीट केले तर ते इतर कोणत्याही घरगुती वस्तूपेक्षा सरस ठरते. मान्यताप्राप्त कारखान्यात बॅटरी यंत्राने फोडून तुकडे पाण्याच्या टाकीत सोडतात. पाण्याहून हलके पॉलिप्रोपिलीन तरंगते आणि अकरापट जड शिसे बुडते. प्लास्टिकचे दाणे करून पुन्हा बॅटरीचे डबे बनवतात. लगद्यातील सल्फेट सोडा ॲशने वेगळे केले तर भट्टीत गंधकाचा वायू कमी होतो आणि उरलेले सोडियम सल्फेट काच आणि डिटर्जंट उद्योगाला विकता येते. त्यानंतर कढयांमध्ये तांबे, अँटिमनी, आर्सेनिक, कथील काढत ९९.९७ टक्के शुद्धतेपर्यंत शिसे नेता येते. ही शेवटची पायरी टाळली आणि निकेलसारखी अशुद्धी थोडीशी जरी राहिली, तरी त्या शिशाच्या नव्या पट्टीवर हायड्रोजन अधिक सुटतो. म्हणजे वाईट रीतीने वितळवलेल्या जुन्या बॅटरीची शिक्षा नव्या बॅटरीच्या ग्राहकाला उतरणाऱ्या फ्लोटच्या रूपाने भोगावी लागते.

मात्र शिसे ३२७ अंशांवर वितळते, आणि हाच त्याचा धोका आहे. धातूच्या जाळ्या वितळवायला मोठी भट्टी लागत नाही. कुऱ्हाड, कढई आणि कोळसा पुरतो. वस्तीच्या कडेला असे काम चालते तेथील धूर आणि धूळ मुलांच्या शरीरात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे, आणि बॅटऱ्यांचे असे उघड्यावरचे वितळवणे हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले आहे. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भंगारवाला दुकानदारापेक्षा पाचशे रुपये जास्त देतो तेव्हा ते पैसे प्रदूषण रोखण्याचा खर्च वाचवून आलेले असू शकतात. काटकसर मलाही प्रिय आहे, पण ही रक्कम मी घेणार नाही.

भारतात २००१ चे बॅटरी नियम होते. त्यांच्या जागी २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि ग्राहकाने बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी द्यायची आहे. पण योग्य ठिकाणी दिली याचा पुरावा ग्राहकाच्या हाती येत नाही. कंपनीकडून गाडी येऊन बॅटऱ्या नेते असे विक्रेता तोंडी सांगतो आणि तेथेच माहिती संपते.

म्हणून हमीतील बॅटरी बदलताना मी दोन गोष्टी मागितल्या: सदोष बॅटरीचा अनुक्रमांक लिहिलेली परतीची पोच आणि न सांडता, सरळ उभी ठेवून केलेली वाहतूक. दोन्ही मिळाल्या, पोच द्यायला विक्रेत्याने आढेवेढे घेतले, पण दिली. सोसायटीतील दोन घरांना जुन्या बॅटऱ्या द्यायच्या होत्या, त्यांनी धान्याच्या दुकानातील काट्यावर आम्लासह वजन करून घेतले आणि तो आकडा पावतीवर लिहून मागितला. वजन समोर येताच त्यांना मिळालेली रक्कम विक्रेत्याने आधी सांगितलेल्या ठोक रकमेपेक्षा जास्त होती. नव्या बॅटरीच्या सहाही सेलांची घनता सध्या १.२४० च्या आसपास सारखी आहे आणि इन्व्हर्टरच्या मागील बॅटरीचा प्रकार निवडण्याचे बटण ‘ट्युब्युलर’वरच असल्याची खात्री केली आहे. बॅकअपसाठी ही बॅटरी घ्यायला हरकत नाही. मात्र बिलावर जुन्या बॅटरीचे किलोंतील वजन लिहून देणारा विक्रेता मिळाला, तर दोन-तीनशे रुपये जास्त मोजूनही मी त्याच्याकडूनच घेईन.