हवॉर्थिया की एचेवेरिया: घरात कोणतं ठेवायचं?

दोन्ही छोटी सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी रोपं, दोन्ही महिनोन्महिने त्याच कुंडीत राहतात, पण खरा फरक उन्हाचा आहे. एचेवेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोची, तिला रोज काही तास कडक ऊन लागतंच, नाही मिळालं की मधलं खोड लांबत जातं, पानं एकमेकांपासून सुटतात आणि तो गुलाबासारखा आकार पार बिघडतो, एकदा लांबलेलं खोड परत आखूड होत नाही, वरचा शेंडा कापून नवीन लावावा लागतो. हवॉर्थिया दक्षिण आफ्रिकेची, तिथे झुडपांच्या, दगडांच्या सावलीत वाढते त्यामुळे खिडकीजवळचा नुसता उजेडही तिला चालतो, उलट दुपारचं ऊन लागलं तर पानं लालसर पडतात.

पाण्याचं दोघींचं सेमच, माती आतपर्यंत सुकली की भरपूर द्या, खाली साचू देऊ नका. एचेवेरियाच्या पानांवर पांढुरकी पावडर असते, ती बोटाने पुसू नका प्लीज, तेच तिचं उन्हापासूनचं संरक्षण आहे.

नवीन रोपं हवी असतील तर एचेवेरिया भारी, गळलेल्या पानालाही मुळं फुटतात. हवॉर्थियाला बुडाशी पिल्लं येतात, ती वेगळी करायची. ऑफिसच्या टेबलासाठी मी तरी डोळे झाकून हवॉर्थियाच सांगेन.