सार्सुएला ऐकायची तर आधी काय: 'ला वेर्बेना' की 'लुइसा फर्नांदा'?

सार्सुएला, म्हणजे स्पेनचं संगीत नाटक, ऐकायचं ठरवलं की सुरुवातीसाठी दोन नावं हमखास सुचवली जातात. एक तोमास ब्रेतोन या संगीतकाराची 'ला वेर्बेना दे ला पालोमा', १८९४ ची, एकाच अंकाची. दुसरी फेदेरिको मोरेनो तोरोबाची 'लुइसा फर्नांदा', १९३२ ची, तीन अंकी. दोन्हींचा पहिला प्रयोग माद्रिदलाच झाला आणि दोन्ही आजही रंगमंचावर येतात. संगीताचा दर्जा पाहून त्यांच्यात डावं-उजवं करणं कठीण आहे. नवख्या कानाला पहिली कुठली द्यावी, एवढाच इथे प्रश्न.

'लुइसा फर्नांदा'च्या बाजूने बोलायचं तर सुरावटी. छत्र्यांचा तो प्रसिद्ध माझुर्का (तीन मात्रांचा नाच) एकदा ऐकला की दिवसभर गुणगुणला जातो. स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातला जमीनदार विदाल हा बॅरिटोनसाठी, म्हणजे मधल्या पट्टीच्या पुरुषी आवाजासाठी, लिहिलेल्या सुंदर भूमिकांपैकी एक. तिसऱ्या अंकात काठ्यांनी झाडं झोडणाऱ्या मजुरांबरोबरचं त्याचं गाणं निव्वळ आवाजासाठीही ऐकावं. ऑपेराची थोडी सवय असेल तर इथे ओळखीचं बरंच सापडतं: लांब श्वासाची एकल गाणी, भरदार द्वंद्वगीतं, जाड वाद्यवृंद. ध्वनिमुद्रणंही उत्तम आहेत. १९९० च्या दशकात अँतोनी रोस मार्बाच्या संचालनाखाली झालेल्या मुद्रणात प्लासिदो दोमिंगो विदालचा प्रेमातला प्रतिस्पर्धी हाविएर याची टेनर (उंच पट्टीची) भूमिका गातो. पुढे २००६ मध्ये माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये तोच दोमिंगो विदाल झाला. त्याचे आईवडील सार्सुएलाचीच मंडळी चालवत, त्यामुळे हे गाणं त्याच्या घरातलं आहे आणि ते ऐकू येतं.

'ला वेर्बेना' त्यामानाने लहानखुरी. त्या काळी माद्रिदच्या तेआत्रो अपोलोत तासातासाचे खेळ लागत, तिकीटही एकेका खेळाचं. त्या मापात बसणारी ही रचना, म्हणजेच 'खेनेरो चिको'. संगीत पाऊण तासाच्या आसपास. ऑगस्टच्या मध्यावर येणाऱ्या पालोमाच्या जत्रेची रात्र आहे. छापखान्यात खिळे जुळवणारा हुलियान मत्सराने पेटलाय, कारण त्याची सुसाना म्हाताऱ्या औषधविक्याबरोबर, डॉन इलारिओनबरोबर, जत्रेला निघाली आहे. भूमिका बऱ्याचशा गाता येणाऱ्या नटांसाठी लिहिलेल्या. म्हणून फार उंच स्वर नाहीत, तानबाजी नाही, आणि शब्द लख्ख कळतात.

आता जी अडचण माझ्यापुरती निर्णायक ठरली, ती सांगतो. सार्सुएलात गाण्यांच्या मध्ये बोललेले संवाद असतात आणि ध्वनिमुद्रणांत ते बहुतेक वेळा गाळलेले असतात. नाट्यपदांच्या रेकॉर्डींवर वाढलेल्यांना हे नवं नाही: पद कानात असतं, पण ते कोण कुणाला आणि का म्हणतंय हे नाटक पाहिल्याशिवाय उमगत नाही. 'लुइसा फर्नांदा'त हा तोटा जबर आहे. गोष्ट १८६८ च्या क्रांतीतली, दुसऱ्या इसाबेल राणीला देश सोडावा लागला त्या वर्षीची. हाविएर बाजू बदलतो, त्यासोबत प्रेमही बदलतं; आणि या उलथापालथीचा मोठा भाग संवादांत आहे. नुसतं संगीत लावलं तर सव्वा तास एकामागून एक देखणी गाणी येतात, पण त्यांना जोडणारा धागा हाती लागत नाही. दुसऱ्या अंकातल्या गोंधळातून तिसऱ्या अंकात थेट एस्त्रेमादुरातल्या शेतावर पोचलो कसे, हे केवळ ऐकून कळणार नाही. मन मग गाण्यांची यादी ऐकल्यासारखं ऐकू लागतं आणि दुसऱ्यांदा लावायची ओढ राहत नाही.

'ला वेर्बेना'त संवाद गाळले तरी गोष्ट टिकते, कारण ब्रेतोनने ती संगीतातच गुंफली आहे. प्रस्तावनेनंतरचा पहिलाच प्रवेश घ्या. औषधाच्या दुकानापुढे दोन म्हातारे उकाड्याबद्दल आणि एरंडेलाबद्दल बोलताहेत, हल्ली विज्ञान किती पुढे गेलंय असं कौतुक चाललंय. तेवढ्यात चाल बदलते: दारवान आणि त्याची बायको, शेजारी पत्ते कुटणारी पोरं. आणि मग त्यांच्यामधूनच हुलियानचा जळफळाट वर येतो, गरिबालाही काळीज असतं म्हणणारा. प्रत्येक टोळक्याची चाल वेगळी, वाद्यवृंद मात्र अखंड वाहता. स्पॅनिश येत नसली तरी गल्ली डोळ्यांपुढे उभी राहते.

पुढची हाबानेरा, म्हणजे क्यूबाहून आलेल्या नाचाच्या ठेक्यावरचं गाणं, तर सरळ सवाल-जवाबच. मनिलाची शाल पांघरून कुठे निघालीस, असं हुलियान विचारतो आणि सुसाना प्रत्येक प्रश्नाला ठसक्यात उत्तर देते. (ही शाल मुळात चीनमधल्या कँटनची, मनिलामार्गे स्पेनला पोचलेली. मुंबईच्या पारशी घरांतल्या 'गारा' साड्यांचं भरतकामही तिथलंच.) खालचा ठेका दोन मात्रांचा: पहिली मात्रा पाऊण-पाव अशी तुटलेली, दुसरी अर्धी-अर्धी. तो एकदा हाताने धरून बघा. मग इतर सार्सुएलांतली हाबानेरा आपोआप ओळखू येते. 'लुइसा फर्नांदा'च्या पहिल्या अंकातलं सैनिकावरचं गाणंही हाबानेराच आहे.

ऐकताना काही पथ्यं. शोधताना कृतीच्या नावाबरोबर संचालकाचंही नाव टाका. 'सेलेक्सिओन' किंवा 'अँतोलोहिया' लिहिलेलं असेल तर ती निवडक गाणी. 'ला वेर्बेना'च्या बाबतीत तिथे हाबानेरा असते, पण वर सांगितलेला पहिला प्रवेश बहुधा कापलेला असतो. तो प्रवेश पुष्कळदा चार-पाच ट्रॅकांत विभागलेला असतो, तेव्हा शफल बंद आणि ट्रॅकांमधली पोकळी शून्यावर ठेवा, नाहीतर वाहता वाद्यवृंद मध्येच तुटतो. आधी कथासार वाचा, मग मूळ स्पॅनिश शब्द समोर ठेवून ऐका. मशीनच्या भाषांतरावर विसंबू नका. माद्रिदच्या गल्लीतली बोली त्याला झेपत नाही, आणि गंमत नेमकी त्या बोलीत आहे.

'ला वेर्बेना'चं मुद्रण कुठलं, यावर मतभेद होतील. १९५० च्या दशकातली आताउल्फो आर्खेंताच्या संचालनाखालची मुद्रणं चालीला चपळ आणि उच्चारांना नेमकी, पण कोरस एकत्र आला की जुन्या ध्वनीत गिचमीड होते. रोस मार्बाने केलेल्या 'ला वेर्बेना'च्या मुद्रणात मारिया बायो आणि दोमिंगो आहेत, वाद्यं सुटी ऐकू येतात. हेडफोनवर ऐकणार असाल तर माझा कल दुसऱ्याकडे.

ज्यांना आधी आवाजच हवा, कथा मागाहून आली तरी चालते, त्यांनी 'लुइसा फर्नांदा'नेच सुरुवात करायला हरकत नाही. फक्त ऐकण्याऐवजी पाहा: २००६ च्या त्या तेआत्रो रेआलच्या प्रयोगाचं चित्रमुद्रण निघालेलं आहे, ते उपशीर्षकं लावून. 'ला वेर्बेना' आवडली तर मात्र तीन अंकी रचनांकडे वळायची घाई नको. त्याच मापाच्या दोन आधी घ्या, दोन्ही १८९७ च्या: रुपेर्तो चापीची 'ला रेवोल्तोसा' आणि फेदेरिको चुएकाची 'आग्वा, असुकारिल्योस इ आग्वार्दिएन्ते'. पहिलीतलं नायक-नायिकेचं द्वंद्वगीत ऐकून झालं की विदालकडे जा.