विश्रामबागेत जपान : कोतो ऐका, सुशी सोडा

दिवाळी संपली आणि लगेचच्या शनिवार-रविवारी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये ‘जपानी कला आणि सांस्कृतिक देवाणघेवाण’ नावाचा कार्यक्रम झाला. भरवणारं केंद्र पुण्याचं. तिथे जपानी भाषेचे वर्ग चालतात, जपानहून कलाकार येऊन-जाऊन असतात, त्यातलेच काही या वेळी आपल्याकडे आणले होते. तिकीट दिवसाला २०० रुपये, कार्यशाळेचे वेगळे १५०. गल्लीत जो भेटेल तो विचारतोय, पैसे वसूल झाले का? म्हणून एकदाच लिहून टाकतो. रविवारच्या दुपारी झाले. बाकीच्या वेळात निम्मेशिम्मे.

माझं काय ते आधीच सांगतो. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. कुठेही वाद्य दिसलं की पाय तिकडेच वळतात. त्यामुळे ओरिगामीवर या लेखात दोन ओळी आणि वाद्याच्या घोडीवर (जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी) दोन परिच्छेद आले तर समजून घ्या.

शनिवारची सकाळ भाषणांत गेली. दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग ‘दोन शब्द’ बोलायला आलेले चार जण. पाहुण्यांना शाल, श्रीफळ, फेटे. एका वयस्कर जपानी गृहस्थांचा फेटा आभारप्रदर्शन होईस्तोवर कानावर उतरला होता, तरी ते तसेच ताठ बसून होते. प्रत्येक वक्त्याने एक मुद्दा न चुकता सांगितला : आपली सरस्वती जपानातही आहे, तिकडे तिला बेन्झाइतेन म्हणतात आणि तिच्या हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य असतं. माहिती खरी आहे आणि सुंदरही आहे. पण ज्या वक्त्यांना सरस्वती आठवली, त्यांतल्या एकालाही हॉलपासून थोड्याच अंतरावर तंबोऱ्यांचं गाव आहे हे आठवलं नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पेपरांत फोटो आले, आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या मंचावर एक तंबोरा टेकवून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. या कार्यक्रमाविषयी माझी मुख्य तक्रार हीच. देवाण भरपूर झाली, घेवाणीचा पत्ता नव्हता.

किमोनो घालून फोटो काढायचा कोपरा होता, १०० रुपये वेगळे. गर्दी तिथेच सगळ्यात जास्त. स्वयंसेवक मुली हौशी होत्या, पण बांधणी उलटी करत होत्या. किमोनोची डावी बाजू वर यायला लागते. उजवी वर घेतात ती फक्त मृतदेहाला नेसवताना. एक जपानी बाई मध्येच आल्या, काही न बोलता एकेकीचा किमोनो सोडून नीट बांधून देऊ लागल्या. तोवर कितीतरी जणींचे फोटो स्टेटसला लागून गेले होते. आयोजकांनी एवढी एक गोष्ट कागदावर लिहून आरशाशेजारी चिकटवली असती तरी भागलं असतं.

ओरिगामी मुलांसाठी ठीक. कागद चांगला होता, शिकवणारा मुलगा सबुरीचा होता. बगळे झाले, बेडूक झाले, मुलं खूश.

पुष्परचनेचं सत्र मात्र अपेक्षेपेक्षा बरं निघालं. शिकवणाऱ्या बाई इचलकरंजीच्या, इकेबाना शिकलेल्या. पसरट भांड्यात तळाशी पितळी खिळ्यांची चकती ठेवतात, तिच्यात देठ खोचायचे. जपानात या कलेची सगळ्यात जुनी परंपरा इकेनोबो, क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातली. १९२७ साली निघालेली सोगेत्सु शैली त्या मानाने मोकळी, तिच्यात कुठलीही पानं-फुलं चालतात. बाईंनी ती मोकळीक घेतली आणि हळदीची पानं वापरली. सांगलीत हळद म्हणजे पोती, सौदे आणि मार्केट यार्ड. तिचं ओलं, लांब, शिरा दिसणारं पान एकट्या निशिगंधाच्या काडीशेजारी तिरकं लावलं, तेव्हा आमच्या रांगेतले यार्डातले एक व्यापारी चष्मा पुसून पुढे सरकले. “पाल्याला कधी बघितलंच न्हाई की,” म्हणाले.

खाण्याचा भाग लवकर उरकतो. सुशी १८० रुपयांना सहा तुकडे. भाताला व्हिनेगरचा वास नाही, आत बीट आणि मेयॉनीज, वरची समुद्री शेवाळाची पट्टी चामड्यासारखी चिवट. शेजारी भडंगाचा स्टॉल होता. दुपारनंतर पाहुणे कलाकारसुद्धा हातात भडंगाचा द्रोण घेऊन फिरताना दिसले. यातून काय ते आयोजकांनी समजावं.

चहाचा विधी रविवारी सकाळी. एका वेळी वीस जण, चटयांवर गोल बसून. शिकवणाऱ्या पुण्याच्या मराठी बाई होत्या, बोलणं कमी आणि नेमकं. सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यूंनी हा विधी कसा साधा करत नेला, ते पाच मिनिटांत सांगून त्या कामाला लागल्या. हिरवी माच्चा पूड, उकळून थोडं निवलेलं पाणी, आणि ढवळायला बांबूची रवी. ही रवी मी हातात घेऊन बघितली. बांबूचं एकच पेर. अर्धं तसंच, अर्धं चिरून त्याच्या ऐंशी-शंभर काड्या केलेल्या, टोकाला आत वळवलेल्या. कुठे डिंक नाही, खिळा नाही. ज्याने चिरली त्याच्या हाताला सलाम.

चहाआधी गोड खायचं असतं. तिकडची मिठाई आणणं जमलं नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या कागदावर साताऱ्याचा एक-एक कंदी पेढा ठेवला होता. ही कल्पना ज्याची कुणाची असेल, त्याला पुढच्या वेळी अध्यक्ष करा. पेढ्याचा खरपूस गोडवा तोंडात आणि त्यावर तो कडवट, फेसाळ चहा, जोडी अशी जमली की बास. एका आजोबांनी विचारलं, “ताई, साखर मिळेल का थोडी?” बाई हसून म्हणाल्या, “आजोबा, पेढा त्यासाठीच दिलाय.” वाडगा हातात घेतल्यावर थोडा फिरवून मग ओठाला लावायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू आपल्या तोंडाशी येत नाही. असा मान भांड्याला देतात. १५० रुपयांत हे सत्र स्वस्त म्हणायचं.

आता वाद्यं. दुपारी तीनला कोतो आणि शामिसेन. कोतो वाजवणाऱ्या बाई चाळिशीच्या, शामिसेनवाले त्यांच्याहून थोर. सोबत पुण्याची एक मुलगी दुभाषी.

कोतो म्हणजे जवळजवळ सहा फूट लांबीचं पोकळ लाकूड, वर तेरा तारा. लाकूड किरी नावाच्या झाडाचं, फार हलकं. कापलेल्या फळ्या वर्षभर तरी उन्हापावसात ठेवतात आणि मगच कामाला घेतात. पाठ तापल्या लोखंडाने भाजून मग घासून चमकवतात. आत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, उंची वाद्याला नक्षीसारखे खाचे कोरतात, आवाज खुलावा म्हणून. तारा पूर्वी रेशमाच्या, आता बहुतेक पॉलिस्टरच्या. आणि खुंट्या नाहीतच! तारा आधीच ताणून पक्क्या बांधलेल्या. सूर लावायचा तो प्रत्येक तारेखालची सुटी घोडी मागेपुढे सरकवून. बाईंनी तेरा घोड्या एकेक करून उभ्या केल्या, कान वाकवून, घाई न करता. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. मला तर तीच मैफल वाटत होती.

जपानातले बहुतेक कोतो हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामा गावात बनतात, असं दुभाषी मुलीने सांगितलं. एका वाद्यामागे एक गाव. मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतारी घडवायला घेतल्या, तेव्हापासून तेच चाललंय.

त्यांनी लावलेले सूर ऐकून मी हळूच बोटांवर मोजले. पहिल्या तारेला सा धरला तर पुढे शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, वर कोमल रिषभ. माझ्या मागे बसलेले गायनाचे मास्तर पुटपुटले, “गुणकली की हो!” स्वर तेच. पण वाजायला लागल्यावर गुणकली कुठच्या कुठे गेली, कारण त्यांच्याकडे षड्ज सतत बोलत राहत नाही. सूर येतो, थांबतो, आणि मधली शांतता पण वाजवल्यासारखी ऐकू येते. घोडीच्या डाव्या अंगाला तार दाबून सूर वर चढवतात, आपण सतारीवर तार ओढतो तसंच काहीसं, फक्त इथे काम बोटापेक्षा तळव्याच्या वजनाचं जास्त. मिचिओ मियागी या अंध कलावंताने १९२१ साली खर्जासाठी सतरा तारांचा मोठा कोतो बनवून घेतला, ही गोष्ट बाईंनी स्वतः सांगितली. वादक कारागिराच्या मागे लागून वाद्य बदलून घेतो, तेव्हा कारागिराची काय अवस्था होते, ते मला विचारा.

मात्र पहिल्या दोन रचनांची वाट लावली साउंडवाल्याने. माइक लाकडाला जवळपास टेकवलेला, बास चढवलेला. अंगणातल्या पावसासारखा ज्याचा आवाज त्या कोतोचा वरातीतला बेंजो करून टाकला. शेवटी बाईंनीच दुभाषी मुलीला सांगून माइक बंद करायला लावले. सहाव्या रांगेत स्वच्छ ऐकू आलं. सांगलीकर प्रेक्षक गप्प बसत नाही, हा समजही त्या वेळी खोटा ठरला. आपल्याकडे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने दरवर्षी मिरजेच्या दर्ग्यात रात्र-रात्र गाणं ऐकणारी माणसं आहेत. त्यांना डीजेची सवय नाही, कृपया लक्षात ठेवा.

मग शामिसेन. तीन तारा, लांब दांडा, चौकोनी डबा, वाजवायला हाताएवढी मोठी नखी. डब्यावर पूर्वी मांजराचं कातडं असायचं, हे सांगितल्यावर हॉलमध्ये ‘अय्यो’ झालं. यांच्या वाद्यावर कृत्रिम होतं. दांडा रक्तचंदनाचा. उंची शामिसेनला तेच लाकूड लागतं, आणि ते मूळचं आपल्या आंध्रातल्या डोंगरांतलं. त्यांनी पहिली, जाड तार छेडली आणि मी खुर्चीवरून अर्धा उठलो. तार नुसती वाजत नव्हती, झणझणत होती. सतार-तंबोऱ्याच्या तारेतल्या अशा झणझणीला आम्ही जवारी म्हणतो. जवारी होती ती!

मध्यंतरात आमच्या गल्लीतला एक पोरगा भेटला. गिऱ्हाइकाला पोचवायचा तंबोरा त्याच्या गाडीतच होता. “काका, आणू का?” म्हणाला. आणला. विंगेत, केबलच्या वेटोळ्यांमध्ये खुर्च्या टाकून आम्ही बसलो. शामिसेनवाल्यांनी आपल्या वाद्याचा गळा दाखवला : बाकीच्या दोन तारा वरच्या बारीक घोडीवरून जातात, जाड तार मात्र तिच्यावरून न जाता दांड्यावरच टेकते आणि लाकडाला किंचित घासते. दांड्याच्या मागे एक बारीक स्क्रू. तो फिरवला की घासणं कमीजास्त होतं. मी तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली असतो तो दोरा काढून तार छेडली, आवाज बोदा. दोरा सरकवत सरकवत जागेवर आणला आणि एका क्षणी तार उघडली. त्यांनी डोळे मोठे केले, दुभाषी मुलीला काही म्हणाले. ती म्हणाली, “ते विचारतायत, स्क्रू कुठंय?” मी म्हटलं, “त्यांना सांग, आमच्यात कानस आणि कान.” मग त्यांनी तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावला आणि मध्यंतर संपल्याची घंटा होऊनही बराच वेळ तसेच बसले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तूनच्या लाकडाची दांडी, हे सगळं सांगायला वेळच उरला नाही. आयोजकांपैकी एक जण घड्याळ दाखवत आला.

हे विंगेत झालं. व्हायला पाहिजे होतं मंचावर.

फीडबॅक फॉर्ममध्ये मी लिहून दिलंय : भाषणं निम्मी करा, रविवारची दुपार दुप्पट करा, आणि पाहुण्यांना दोन तास मिरजेत आणा. पुण्याला परत जायची गाडी नाहीतरी मिरजेहूनही मिळते.

पुढच्या वर्षी हा कार्यक्रम आला तर शनिवारचं तिकीट फक्त लहान मुलं असतील तरच काढा. रविवारी सकाळी चहाच्या सत्रासाठी लवकर नाव नोंदवा, जागा पटकन भरतात. दुपारी डाव्या बाजूला बसा, उजवीकडे स्पीकर आहे. हॉलला पार्किंग नाही, गाडी मागच्या गल्लीत लावावी लागते. आणि डबा घरून न्या, नाहीतर भडंग आहेच.